सवतीचा वाटा

शकुनबाईच्या गळ्यात लग्नापासून मंगळसूत्राशेजारी आणखी एक वस्तू होती: सवतीच्या नावाचा चांदीचा टाक. सवत म्हणजे रुखमा, तेजरामची पहिली बायको. पोरगी धुरपता अंगावर पीत असतानाच ती तापानं गेली आणि तिच्या जागी शकुनबाई एकोडीला नांदायला आली. मेलेल्या सवतीचा मान राखावा लागतो. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. घरधनीण कोण असं कोणी विचारलं, तर आधी रुखमाचं नाव घ्यायचं, मग आपलं. शकुनबाईनं सुरुवातीला यात कुचराई केली आणि पाळण्यातली दोन लेकरं लागोपाठ गेली. सासूनं तोंड सोडलं, शकुनबाईनं कान धरले. तिसरा इश्वर जगला तो रुखमानं सोडला म्हणूनच, अशी तिची पक्की खूणगाठ होती.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तेजराम गेला. दहाव्याला मंगळसूत्राबरोबर टाकही नदीत सोडला. बायका म्हणाल्या, सुटली बाई. सुटली कसली! टाकात होती तोवर रुखमा एका जागी तरी होती, आता ती घरभर झाली. भरदुपारी माजघरात बांगड्या वाजायच्या. चुलीपुढं बसलं की पाठीशी कोणी उभं असल्यासारखं वाटायचं, आणि शकुनबाई जीव मुठीत धरून भात ढवळत राहायची.

इश्वर जवाहरनगरच्या कारखान्यात, क्वार्टरात राहणारा. तेरवी आटोपल्यावर तो आईजवळ बसला.

"माय, उद्या तलाठी वारस लिहाले येते. तू आन मी, दोनच नावं सांगजो."

"आन धुरपता?"

"धुरपताबाईचं लगन करून देल्लं ना बापानं. आता तिचा कायचा हक्क?"

"तिची माय आयकते रे," शकुनबाई हळूच म्हणाली.

"मेलेलं माणूस कायले आयकते? मी तिकडे बारुदीत काम करून राहिलो, अन् तू भुताच्या गोष्टी सांगून राहिली!"

कायद्यानं मुलीला वाटा देऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावात यायला कायदा एसटीपेक्षाही उशीर करतो. गावात सगळे असंच करत. आणि म्हातारपण काढायचं ते इश्वरच्याच दारात. शकुनबाईनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चावडीत पंच बसले. तलाठ्यानं विचारलं, "मयताची बायको कोण?"

शकुनबाईनं पदर पुढं ओढला आणि जन्माच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "रुखमा."

इश्वर कसनुसा हसला. "साहेब, मायचं चित्त ठिकाणावर नाही. ते कवाच मेली."

तलाठ्यानं पेन थांबवलं. "मेली, पण तिला लेकरूबाळ?" हे त्यानं शकुनबाईलाच विचारलं.

एक 'नाही' पुरेसं होतं. पंचांनाही ठाऊक होतं सगळं, पण दुसऱ्याच्या घरच्या भांडणात हात कोण घालतो? शकुनबाईनं पोराकडं पाहिलं. चांगला धडधाकट, बापासारखा उंच. त्याच्या खांद्यामागं जागा रिकामी होती, पण शकुनबाईला ती रिकामी दिसेना.

"पोरगी हाय साहेब. धुरपता. शहापूरले देल्ली. आधी तिचं नाव लिवा, मंग माया पोराचं."

तलाठ्यानं लिहिलं. बाहेर आल्यावर इश्वरचा तोल सुटला.

"बोडीच्या पाण्यावरची चांगली धानाची बांधी घालवली तुह्या भुतापायी! आता राय तिच्याजवळच. आजपासून तुहा पोरगा मेला समज."

जन्मभर ज्या शब्दाला ती भ्यायली, तो पोटच्या पोरानंच उच्चारला. शकुनबाईनं दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. दंड गरम होता. तिला रडू फुटलं.

"मायासाठी मेला तं मेला, बाप्पा. तू जित्ता राय."

इश्वरनं हात झटकला आणि तो सडकेकडं चालू लागला. उन्हात तो दिसेनासा होईस्तोवर शकुनबाई चावडीपुढं उभी होती. तो वळून पाहील अशी तिला आशा नव्हती. त्याच्या मागून कोणी जात नाही ना, एवढंच ती पाहत राहिली.