अपोंडी भाग दोनमध्ये आहे

केनियातल्या किसुमू शहराच्या न्यालेंडा वस्तीत क्लेमंट ओबुराचं व्हिडिओ खेळांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पत्र्याची एक खोली, चार टीव्ही, चार यंत्रं, आठ प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर फुटबॉलवाल्यांची पोस्टरं. मोटरसायकलवर भाडं मारणारे बोडावाले दोन फेऱ्यांच्या मधे तिथे येऊन टेकायचे आणि तासभर खेळायचे. आणि गेली पावणेदोन वर्षं रोज सकाळी दहाच्या सुमाराला एकाहत्तर वर्षांचा ओगोला त्या दारात येऊन उभा राहायचा आणि एकच प्रश्न विचारायचा.

"आला का रे भाग दोन?"

"नाही, जादुओंग. अजून नाही."

जादुओंग म्हणजे वडीलधारा माणूस. मान देऊनच म्हणायचं असतं, पण क्लेमंटच्या तोंडी त्यात अर्धी थट्टा असे. बोडावाले तर तेवढाही आडपडदा ठेवत नसत. म्हातारा कोपऱ्यावर दिसला की आतूनच ओरडायचे, "आले रे, भाग दोन आले!" ते त्याचं नावच पडलं होतं.

आता खरं सांगायचं तर ओगोलाला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्मभर त्याने पाण्याचे पंप दुरुस्त केले. 'बुडती बेटं' हा खेळ म्हणजे नेमकं काय, त्यातला तो होडीवाला कुणाला शोधत फिरतो, पहिल्या भागात त्याचा भाऊ मेला की नुसताच हरवला, यावर बोडावाले तास तास भांडायचे आणि हा खुर्चीत बसून माना डोलवायचा. त्याला एवढंच ठाऊक होतं की भाग दोनमध्ये त्याची बायको बोलते. आणि ही गोष्ट तो कुणाला सांगू शकत नव्हता.

त्याचं असं झालं होतं. त्याची बायको अपोंडी तळ्याकाठी, डुंगाच्या किनाऱ्यावर, मासे तळून विकायची. आवाज असा की तिने गिऱ्हाईकाला हाक मारली तर पाण्यातला होडीवाला वळून बघायचा. नैरोबीहून काही माणसं जुनी, अस्सल लुओ भाषा बोलणारी बाई शोधत आली. त्यांनी सबंध किनारा पालथा घातला आणि माशाच्या भावावरून जिच्याशी त्यांचं भांडण झालं तिलाच निवडलं. दोन दिवस ती नैरोबीला जाऊन बोलून आली. परतली तेव्हा घसा पार बसला होता. काय बोललीस, तर म्हणे सांगायचं नाही, कागदावर सही दिली आहे. ओगोलाने खूप खोदून विचारलं. शेवटी खेळाचं नाव तेवढं तिने सांगितलं, कारण बसमध्ये सबंध रस्ताभर ते पाठ करत आली होती आणि ते कुणाला तरी म्हणून दाखवल्याशिवाय तिला राहवेना. "बुडती बेटं, भाग दोन," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली होती. "बाकीचं येईल तेव्हा ऐक."

आठ महिन्यांनी ती गेली. भर दुपारी, कढईपाशी, डोक्यातली शीर तुटून. ओगोला त्या दिवशी अहेरो गावी एक पंप खोलून बसला होता. तो येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मग त्याच्या ध्यानात आलं की तिचा आवाज कुठेच नाही. फोटो होते, ढीगभर. चर्चच्या गायनाची एक चित्रफीत होती, पण त्यात चाळीस बायका एकदम गात होत्या. त्याने ती शंभर वेळा ऐकली असेल. त्यातली अपोंडी कुठली हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, आणि चव्वेचाळीस वर्षं संसार करून बायकोचा आवाज ओळखू येऊ नये या लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राहिला भाग दोन. कागदाचं मात्र त्याने मनावर घेतलं. आपण बोललो आणि त्या लोकांनी रागाने तिचा आवाज काढूनच टाकला तर? तेव्हा तोंडाला कुलूप.

खेळ मार्चमध्ये यायचा होता. मार्च उजाडला आणि सप्टेंबर म्हणाले. सप्टेंबरच्या तोंडावर म्हणाले, फेब्रुवारी.

"का पण?" ओगोला क्लेमंटवर डाफरला, जसा काही तोच बनवत होता.

"अजून हात फिरवायचा आहे म्हणतात. पाणी खऱ्या पाण्यासारखं दिसत नाही म्हणे."

"पाणी? पाणी बघायचं तर तळ्यावर जा म्हणावं! त्यासाठी माणसांना ताटकळत ठेवतात? आम्ही काय इथे अमरपट्टा लिहून आणलाय?"

बोडावाले खो खो हसले. म्हातारा खेळापायी खुळावला ही त्यांना मोठी मौज होती. झलक म्हणून दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती यायच्या, तेव्हा ओगोला टीव्हीला कान लावून बसायचा. बाकीचे तलवारी बघायचे, होड्या बघायचे, आणि हा ओरडायचा, "गप्प बसा रे, ऐकू द्या!" एकदा एका चित्रफितीत क्षणभर एका म्हातारीची पाठ दिसली. ओगोलाने ती क्लेमंटकडून अकरा वेळा लावून घेतली. म्हातारी काही बोलली नाही.

"जादुओंग, तुम्हाला म्हातारीच बरी आवडली!" ओव्हिनो नावाचा एक बोडावाला म्हणाला.

"तुझं थोबाड आवर," ओगोला म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला.

फेब्रुवारीत खेळ आणखी एक आठवडा पुढे गेला. त्या आठवड्यात ओगोला धड जेवला नाही. आपण मध्येच मरू, याची त्याला भीती वाटू लागली होती. रस्ता ओलांडताना तो दोन-दोनदा मागे-पुढे बघायचा.

आणि एकदाचा खेळ आला. पण आला म्हणजे जगात आला. क्लेमंटच्या दुकानात तो इंटरनेटच्या तारेतून उतरवून घ्यायचा होता, आणि किसुमूची तार म्हणजे काय विचारूच नका. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकोणीस टक्के. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीसवर असताना वीज गेली. ओगोला खुर्चीत बसून त्या काळ्या पडद्याकडे बघत होता. पंप असता तर त्याने खोलला असता, फुंकर मारली असती, वॉशर बदलला असता. इथे हातात धरायला काहीच नव्हतं. "उद्या होईल," क्लेमंट त्याला म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यात थट्टा नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी शंभर टक्के झाले.

"जगभर चाळीस लाख लोकांनी घेतलाय!" क्लेमंट अभिमानाने म्हणाला आणि खेळायला बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो होडीवाला एका तळ्याकाठच्या गावात उतरला. किनाऱ्यावर एक म्हातारी मासे तळत होती. क्लेमंटने त्याला तिच्यापाशी नेलं.

"अरे एवढ्या उन्हात निघालास कुठे?" म्हातारी लुओमध्ये म्हणाली. "बस आधी. खा."

दुकानात गलका झाला. आपली भाषा! एवढ्या जगप्रसिद्ध खेळात आपली भाषा! ओव्हिनो तर खुर्चीवर चढून नाचायला लागला. मग कुणाचं तरी ओगोलाकडे लक्ष गेलं. तो उभा होता, दोन्ही हात डोक्यावर, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"अपोंडी," तो म्हणाला. "माझी अपोंडी आहे ती."

डुंगाच्या अपोंडीचे मासे त्यातल्या निम्म्या लोकांनी खाल्ले होते. क्लेमंटने तिचं बोलणं पुन्हा लावलं, आणि त्यालाही ओळख पटली. "आई गं," तो एवढंच म्हणाला. ओव्हिनो खुर्चीवरून खाली उतरला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

मग काय! तो दिवस सबंध ओगोलाचा. होडीवाला जवळ जाऊन बोलला की म्हातारी दर वेळी वेगळं काहीतरी बोलायची. माशांवर, पावसावर, आळशी नवऱ्यांवर. एकदा ती हसली. नाकातून फुर्र करून हसायची तसंच. ओगोलाही हसला, आणि बाकीचेही हसले. "पण चेहरा कुणाचा लावलाय हो हा तिला!" तो मध्येच करवादला. "गालफडं बसलेली! अपोंडीचे गाल केवढाले होते!" क्लेमंट फिरून फिरून तिच्याकडे जात राहिला. कुणीही म्हटलं नाही की पुढे चल.

पुढे चल म्हणाला तो ओगोलाच. दुसऱ्या दिवशी सगळी वाक्यं त्याची पाठ झाली होती. दोन दिवस बोलून घसा बसला होता तिचा, मग एवढंसंच कसं असेल? "पुढे जा," तो म्हणाला. "पुढे असणार तिचं आणखी."

"बघा हं, जादुओंग. इथे छान चाललंय."

"जा म्हणतो ना!"

क्लेमंट पुढे गेला. तासाभरात त्या गावावर हल्ला झाला. घरं पेटली. होडीवाला लव्हाळ्यातून धावत आला तेव्हा म्हातारीच्या घराचं दार बाहेरून अडकलेलं होतं आणि आतून ती हाका मारत होती. नवऱ्याला. खेळातल्या नवऱ्याचं नाव ओकाल. "ओकाल! दार! ओकाल, कुठे आहेस?" खालच्या पट्टीत नव्हे, तिच्या खऱ्या आवाजात, ज्या आवाजाला पाण्यातला होडीवाला वळून बघायचा. मग तो आवाज फाटला. मग थांबला.

क्लेमंटने तो प्रसंग पुन्हा सुरू केला. आणखी लवकर धावला. पुन्हा. दुसऱ्या वाटेने गेला. पुन्हा. सहा वेळा ती मेली.

"दार तोड म्हणावं त्याला!" ओगोला ओरडला.

"तोडता येत नाही. बटणच चालत नाही तिथे."

"दाराला कसं नाही चालत? एवढ्या तरवारी चालवतो तो मेला, आणि दार नाही? काहीतरी असेलच. नीट बघ, क्लेमंट. कुठेतरी काहीतरी असतंच."

ओव्हिनो फोनवर शोधत होता. त्याने मान वर केली, पण म्हाताऱ्याकडे बघितलं नाही. "सगळे विचारतायत," तो म्हणाला. "कुणालाच वाचवता आलेलं नाही. गोष्टच तशी लिहिली आहे."

ओगोला खुर्चीत बसला. मग तो म्हणाला, "मागे ने. मासे तळतेय तिथे."

"आता नाही जाता येत. यंत्र मागचं पुसून पुढचं ठेवतं, आपोआप. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल."

"मग कर."

"करतो ना," क्लेमंट म्हणाला. "लगेच करतो."

"आणि ते चाळीस लाख लोक?"

"काय त्यांचं?"

"त्यांच्या घरीही ती अशीच हाका मारते?"

क्लेमंटने खोटं बोलायचा विचार केला. पण कुणाशी खोटं बोलणार? "हो," तो म्हणाला.

पहिलं यंत्र म्हाताऱ्यासाठी वेगळं काढलं, पण बाकीची तीन चालू होती आणि ती बंद ठेवायची म्हणजे दुकान बंद ठेवायचं. पोरं चांगली होती. ती काळजी घेत होती. दोन दिवसांनी तिसऱ्या टीव्हीवर ओव्हिनो त्या गावापर्यंत पोचला. ओगोला तेव्हा खुर्चीत बसला होता. पडद्यावर घरं पेटली. ओव्हिनोने एकदा मागे वळून पाहिलं आणि हळूच आवाज पार बारीक केला.

"आवाज का कमी केलास?"

"म्हटलं, तुम्हाला उगाच..."

"ती हाका मारतेय ना!" ओगोला ताडकन उठला. "माणूस हाका मारतं तेव्हा त्याचा आवाज बंद करतात? ही कुठली रीत? वाढव! वाढव म्हणतो ना!"

ओव्हिनोने आवाज वाढवला. अपोंडीच्या हाकेने पत्र्याची खोली दणाणली. ओगोला त्या टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला आणि पडद्यावर दोन्ही हात टेकून, तिच्याहूनही मोठ्याने म्हणाला, "आलो! आलो गं! इथेच आहे मी. इथेच आहे." ती थांबेपर्यंत तो बोलत राहिला. रस्त्यावरून जाणारी माणसं दारात गोळा झाली होती.

मग त्याने बाहीने तोंड पुसलं आणि चौथ्या टीव्हीपाशी गेला. तिथे खेळणारा माणूस नवखा होता. त्याने घाबरून हातातलं खाली ठेवलं.

"तू कुठवर आलास?"

"अजून बराच मागे आहे, जादुओंग."

"तिथे केव्हा पोचशील?"

"उद्या, बहुतेक."

"किती वाजता?"

"दुपारी. दोन-अडीच होतील."

"मी येतो," ओगोला म्हणाला. "मी आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस."