चाळीस सेंटीमीटर

शिडीचा स्वभाव मुळातच संशयी. पोल भिंतीला टेकवून दोन मिनिटं बाजूला गेली तरी परत येऊन त्याची पकडीची पट्टी नखाने तपासायची. बाटलीचं झाकण सैल दिसलं की पाणी ओतून मोकळी. उंच, सडसडीत आणि पोलच्या आधाराने साडेचार मीटर उंच आडव्या दांडीवरून पलीकडे जाणारी, म्हणून सगळे तिला शिडीच म्हणत. वय तेहतीस. जागतिक स्पर्धेच्या संघात तिच्या प्रकाराला यंदा जागा एकच होती, आणि निवड शनिवारी.

एका माणसावर मात्र तिचा डोळे मिटून विश्वास होता. तो म्हणजे मामा. सख्खा मामा आणि तोच प्रशिक्षक. धाव जिथून सुरू करायची तिथे धावपट्टीच्या कडेला रंगीत पट्टी चिकटवतात. तिथून सोळा पावलं अचूक पडली, तरच उडीचं पाऊल जागच्या जागी येतं. तिची खूण दांडीपासून बत्तीस मीटरवर. अकरा वर्षं ती मामानेच लावली, तिने कधी टेपला हात लावला नव्हता.

सोमवारी मामा दाढ काढायला गेला, म्हणून खूण लावायला ती स्वतःच वाकली. आदल्या दिवशीची पट्टी तशीच होती. सहज मोजली, तर एकतीस साठ! पुन्हा मोजली. टेप उलटी धरून मोजली. चाळीस सेंटीमीटर पुढे.

आता बोला! तिच्या मनात पाल चुकचुकली ती थांबेचना. सरावाला सगळ्यात शेवटी कोण असतं? चिमणी. एकोणीस वर्षांची, मामाचीच दुसरी शिष्या, आणि त्या एका जागेवर डोळा असलेली. वर तोंडात साखर, उठता-बसता ताई-ताई!

शिडीने तिला कपडे बदलायच्या खोलीत चार जणींसमोर गाठलं. "माझी खूण कुणी हलवली गं?"

चिमणीचा बूट हातातच राहिला. "मी नाही हात लावला, ताई."

"मग काय, पट्टीला पाय फुटले?"

चार जणी खाली बघू लागल्या. चिमणी रडली. शिडीला वाटलं, नाटकं!

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन ती गाद्यांच्या ढिगामागे दडून बसली. चोर रंगेहाथ पकडायचाच होता. दार वाजलं, आणि आत आला मामा. सुजलेला गाल धरून त्याने टेप पसरली, पट्टी चिकटवली. एकतीस साठवर.

"मामा!"

टेप त्याच्या हातातून सुटली.

"तूसुद्धा तिला सामील?"

"काहीतरीच काय! अगं, तुझं पाऊल आखूड झालंय. मांडी दुखावल्यापासून. एका पावलाला दोन-अडीच सेंटीमीटर. सांगितलं असतं तर तू ताणून धावली असतीस आणि पुन्हा मांडी धरून बसली असतीस. म्हणून थोडी थोडी पुढे घेत आलो."

"मला म्हातारी ठरवून मोकळा झालास होय? तिच्यासाठी जागा करतोयस तू! शनिवारी मैदानात पाय ठेवायचा नाहीस. ठेवलास तर मी पोलला हात लावणार नाही."

मामाने पडलेली टेप गुंडाळून तिच्या हातात दिली. शनिवारी तो खरोखरच बाहेर गाडीत बसून राहिला.

शिडीने स्वतः टेप धरून खूण लावली. बत्तीस म्हणजे बत्तीस. खालच्या उंच्या अंगातल्या जोरावर निभावल्या, तिथेही एकदा दांडी पडलीच. चार चाळीसला दोघीच उरल्या. शिडीला पोलने दोनदा मागे फेकलं, दुसऱ्यांदा कोपर सोलून निघालं. चिमणीच्याही दोन उड्या वाया गेल्या. उरली एकेक.

आता यात एक गोम असते. पळणारीला स्वतःचं उडीचं पाऊल दिसत नाही. नजर वर असते. पाऊल कुठे पडलं ते कडेला उभ्या राहिलेल्या माणसाने सांगायचं, आणि ते माणूस शिडीने स्वतःच हाकलून दिलं होतं. तिचंही आणि चिमणीचंही.

चडफडत तिने चिमणीलाच विचारलं, "बघितलंस माझं पाऊल?"

"दांडीपासून लांब पडतंय, ताई. चाळीस सेंटीमीटर तरी."

नेमका मामाचाच आकडा! दोघांनी ठरवून केलंय, असं तिच्या तोंडापर्यंत आलं. पण पोल मागे फेकतो तो पाऊल लांब पडल्यावरच, हे तिचं सोललेलं कोपर तिला सांगत होतं. तिने खूण एकतीस साठवर नेली. धावली. आणि दांडी न हलवता पलीकडे गेली.

गादीवरून उतरते तोच चिमणी समोर उभी. "ताई, माझं कुठे पडलं होतं?"

शिडीने बघितलं होतं. ही पोरगी काही लबाडी करतेय का, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. पाऊल दांडीच्या बाजूला वीतभर आत पडत होतं. चिमणी आता चुकली तर जागा शिडीची. वाचली तर बरोबरी, आणि बरोबरीत आधी कमी वेळा चुकलेली पुढे. म्हणजे चिमणीच, खालच्या उंच्यांवर ती एकदाही चुकली नव्हती. नुसतं 'बरोबर आहे' म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"वीतभर आत. खूण मागे घे."

चिमणीने पट्टी उचलली, वीतभर मागे लावली, पोल उचलला, आणि दांडीवरून अलगद गेली. पुढची उंची दोघींनाही जमली नाही.

बाहेर शिडी पोल गाडीच्या टपावर बांधू लागली. मामाने दोरीचं दुसरं टोक धरलं.

"चिमणीने सांगितलं मला. तू खरं सांगितलंस म्हणे तिला."

"हो."

"आणि जागा गेली."

"गेली, मामा." तिचे हात दोरीवर थांबले, डोळे भरून आले. "चार जणींसमोर चोर ठरवलं होतं मी तिला. आणि तिने एकदाही संशयाने माझ्याकडे वळून बघितलं नाही रे. वीतभर म्हटलं, वीतभर मागे घेतली. मी असते तर मोजलं असतं."