दोन बोटांचे दहा गुण

एका बोटाला पाच गुण, दोन बोटांना धा. गेल्या साली सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पंचांनी हा भाव लावला, तवापासनं माजं डोकं ठिकाणावर न्हाई. बोटं आमच्या बिरदेवची. यंत्र फलटणच्या उदयसिंहाचं.

रोबोंची कुस्तीच म्हणा की. पंधरा किलोची दोन यंत्रं जाड प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात सोडायची, बाहेरनं रिमोटनं चालवायची आन् तीन मिनटं एकमेकांना फाडू द्यायचं. यंत्र उलटं पडलं आन् पंचानं धा मोजेपातूर उठलं न्हाई तर हार. न्हाईतर गुणांवर निकाल: नुकसानाला पाच, चढाईला तीन, ताब्याला तीन. दोघांच्या टेबलावर एकेक लाल बटन असतंय. दाबलं की आपलं यंत्र जागेवर बंद. पर जो आदी दाबंल त्यो हरला.

गेल्या साली फायनलला आमचं यंत्र पिंजऱ्याच्या कडंला अडकलं. बिरदेव आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. काट्यात अडकलेलं कोकरू वडून काढायची हाताला सवय. येड्यानं तसाच फटीतनं हात घातला. समोरनं उदयसिंहाच्या यंत्राचा फिरता लोखंडी ड्रम आला. समदी वरडली. लाल बटन उदयसिंहाच्या हाताशी हुतं. त्यानं दाबलं, पर दोन सेकंदांनी. व्हिडिओ मी शंभरदा बघितलाय, पुरती दोन सेकंद. तवर बिरदेवची दोन बोटं लोखंडाला चिकटून गरागरा फिरत हुती.

हात घातला म्हणून आमी बाद. उशीर केला म्हणून उदयसिंहाचे धा गुण कापले, आन् तरी ढाल त्यानंच नेली.

मी रेश्मा, पलूसची. आमच्या आबांनी, म्हंजी माज्या आज्यानं, लालासाहेबांनी, पलटणीत असताना लय कुस्त्या मारल्या. माजा रागीटपणा त्यांच्यावरच गेलाय. वर्षभर मी एकच काम केलं: ट्रकच्या पाट्याचं पोलाद घासून पातं बनवलं. बिरदेवनं आठ बोटांनी सगळ्या तारा जोडल्या. त्यो एकदाबी उदयसिंहाला शिवी देत न्हवता, त्याचाबी मला राग. "तुज्या वाटणीच्यापण मीच देतीया," म्हणलं त्याला.

यंदा परत फायनल आन् परत फलटण. देवानंच पाठवला गड्याला!

सकाळी आमच्या पात्याचं बेअरिंग फुटलं. या स्पर्धेत एक रीत हाय, समोरच्याला सामान लागलं तर न्हाई म्हणायचं न्हाई. उदयसिंह सोता घिऊन आला. "नवं हाय," म्हणला आन् टेबलावर ठिवलं.

"ह्याच बेअरिंगवर तुला फाडणार हाय मी," मी म्हणलं.

"फाड की," म्हणला आन् गेला. बिरदेवनं खाली मान घालून बेअरिंग बसवलं.

दुपारी आबा दोन पिकअप भरून माणसं घिऊन आलं. कॉलेजवाल्यांनी हलगी गेटावरच काढून घेतली, तर हे पत्र्याचं डबं बडवाय लागलं. आबांच्या काखंत गुलाबी फेटा. "ह्यो कशाला?" मी इचारलं. "जिंकल्यावर त्या तुज्या यंत्राला बांधाय," आबा म्हणलं. मला हसू आलं. माइकवरनं नियम सांगत हुते ते सगळं इंग्रजीत. आमच्या माणसांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

भोंगा वाजला. मी सरळ धडकच मारली. पहिल्याच टोल्याला उदयसिंहाच्या यंत्राचं एक चाक उडालं आन् पिंजऱ्यावर असं आदळलं, की पुढच्या रांगेतली बाया-माणसं मागं पडली. ठिणग्या, जळक्या तारंचा वास. त्याच्या ड्रमनं आमचा पत्रा कागदासारखा टरकावला. मी मागं घिऊन परत हाणलं. परत. परत. तोंडानं मी काय बोलत हुते ते हितं लिवण्यासारखं न्हाई.

"रेश्मे, सबूर," बिरदेव बाजूनं म्हणाला.

"गप रं!"

दुसऱ्या मिनटाला पातं खालनं बसलं. त्याचं यंत्र हातभर उडालं आन् उताणं पडलं. ड्रम अजून फिरतच हुता. पंचानं मोजाय चालू केलं. एक. दोन.

मी थांबले असते तर जिंकले असते. पर मला त्यो नुसता हरायला नगं हुता, मला त्याचा चुरा बघायचा हुता. चालू मोजणीत हाणलं की पंच परत एकपासनं मोजतो. मोजू दे की! मी यंत्र मागं घेतलं, पातं पुरं फिरवलं आन् पुढं सोडलं.

तवर आमच्या माणसांनी गोंधळ घातला हुता. आमच्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपली. मग कोण कुणाचं ऐकत न्हाई, समदी आखाड्यात शिरत्यात, जिंकणाऱ्याला फेटा बांधत्यात, खांद्यावर घेत्यात. धा मोजायचं कुणाच्या बापाला ठावं! आबांनी दारावरच्या शिपायाला खांद्यानं ढकललं, कडी वडली आन् फेटा झुलवत पिंजऱ्यात पाय टाकला.

मला आबा दिसले. खोटं कशाला बोलू, लख्ख दिसले. बटन माज्या हाताच्या इतभर अंतरावर. दाबलं तर फलटण जिंकणार, एवढंच डोस्क्यात आलं. आन् रिमोटवर माजा अंगठा पुढंच दाबून राहिला.

"बटन!" बिरदेव वरडला.

पातं उदयसिंहाच्या यंत्रावर बसलं, उसळलं आन् आमचं यंत्र भेलकांडत दाराकडं गेलं. आबांचं धोतर पात्यात गुरफाटलं. आबा खाली बसले. आवाज न्हाई केला त्यांनी. मग मी बटन दाबलं.

नडगीचं हाड दिसत हुतं. पांढऱ्या फरशीवर रगत पसरत चाललं आन् मागं कोणतरी अजून डबं बडवतंय. आत पहिल्यांदा पळाला उदयसिंह. त्यानं फेट्याचा पिळा मांडीला आवळला, गुडघ्यानं दाबून धरला. त्याचं यंत्र कवाच थंड पडलं हुतं. ड्रम फिरत न्हवता. आबांनी दारात पाय टाकला तवाच त्यानं बटन दाबलं हुतं.

दवाखान्यात आबांना आत न्हेलं. आमी दोघं आन् उदयसिंह बाकड्यावर. कॉलेजातनं फोन आला. फलटणनं आदी बटन दाबलं, म्हणून पलूस विजयी. नुकसानाचे पाचच्या पाच गुणबी आमालाच म्हणे.

"फोन दे," मी बिरदेवला म्हणलं. त्यानं कुस्तीचा व्हिडिओ घेतला हुता.

"नगं बघूस."

"दे म्हणते न्हवं!"

आबांचा पाय आत पडल्यापासनं माजा हात बटनावर पडेपातूर मोजलं. परत मोजलं. तीन सेकंद. बिरदेवनं माज्याकडं बघितलं न्हाई. गुडघ्यावर हात ठिवून बसला हुता, आठ बोटं पसरून.

नर्स भाईर आली. आबांना टाकं घातलं हुतं, पाय वाचणार हुता, पर लंगडणार. मी आत गेले. आबांनी डोळं उघडून पहिलं काय इचारावं? "हात मिळवला का गं त्या पोराशी? कुस्ती झाल्यावर हात मिळवायचा असतोय."

मी भाईर आले. उदयसिंहाच्या हातावर आबांचं रगत वाळलं हुतं.

"तीन सेकंद लागली मला," मी म्हणलं. "तुला दोन लागली हुती."

त्यो वाळल्या रगताकडं बघत म्हणाला, "मला वाटलं, बिरदेव हात काढंल."

"मलाबी वाटलं, आबा मागं हुतील."

खोटं हुतं. मला काईच वाटलं न्हवतं, मला फकस्त जिंकायचं हुतं. बिरदेव शेजारीच बसलेला. "खोटं बोलले मी," मी म्हणलं. "मला आबा दिसत हुते आन् मला जिंकायचं हुतं."

उदयसिंहानं बिरदेवकडं बघितलं.

"मीबी खोटंच बोललो," त्यो म्हणाला.

बिरदेव उठला. त्यानं आपला तीन बोटांचा हात आदी त्याच्याम्होरं धरला, मग माज्याम्होरं.