ऊन सोडा

"ऊन सोडा," म्हणत लाँड्रीवालीने गवंड्याला कोपराने बाजूला सारलं आणि पिळलेली चादर झटकून दोरीवर टाकली. गवंड्याच्या हातात टेप होती, कानामागे पेन्सिल होती, आणि शेजारच्या घराची उंची न्याहाळण्यात तो इतका गुंगला होता की आपण कुणाच्या उन्हात उभे आहोत याची त्याला शुद्धच नव्हती. तो नदीपलीकडचा. पलीकडच्यांना ही रीत ठाऊक नसते.

दुसरीकडे लोक 'वाट सोडा' म्हणतात, या आळीत 'ऊन सोडा' म्हणतात. मूल चालायला लागलं की त्याला आधी हेच शिकवायचं, बसलेल्या माणसाच्या आणि उन्हाच्या मध्ये उभं राहायचं नाही. त्याला कारणही तसंच. दक्षिणेला टेकडी अशी छाताडावर उभी, की हिवाळ्याचे चार महिने सूर्य तिच्यामागून लपतछपत जातो आणि खिंडीतून काय तो दोन तास डोकावतो. अकराला येतो, एकला जातो. बाकी दिवसभर नुसता उजेड, तोही शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखा. मीठ कायमचं ओलं, काडेपेटीतल्या तीन काड्या वाया गेल्या की चौथी पेटते, आणि दारं फुगून अशी बसतात की पाहुण्याला खांदा मारून घरात शिरावं लागतं. न्हावी अकराला खुर्ची रस्त्यावर काढतो. शाळेची मधली सुट्टी अकराला. डॉक्टर ते दोन तास दवाखाना उघडतच नाही, कारण अंगात ताप असला तरी माणूस ऊन टाकून आत येत नाही. सोयरीक जुळवताना मुलाचा पगार नंतर, अंगणात ऊन किती येतं ते आधी विचारतात.

लाँड्रीवालीच्या अंगणात पुरे दोन तास यायचं. सहा दोऱ्या, इस्पितळाच्या चाळीस चादरी. अकराला ऊन पडलं की ओल्या चादरींतून वाफा निघायच्या, आणि एकला ती त्या घडी करून गाठोड्यात बांधायची. पंचवीस वर्षं हेच. घड्याळ चुकलं असेल, ऊन आणि ती चुकली नव्हती.

"सोमवारी काम धरतोय," गवंडी टेप गुंडाळत म्हणाला. "वर दोन मजले. वीस फूट धरा."

शेजारचं घर तिच्या धाकट्या दिराचं होतं. अंगणाच्या बरोबर दक्षिणेला, बसकं, एकमजली. खिंडीतून निघालेलं ऊन त्याच्या गच्चीवरून घसरत तिच्या अंगणात यायचं. वीस फूट. तिने मनातल्या मनात ते वीस फूट उभे केले आणि हातातली उशीची खोळ बादलीत टाकून तशीच ओल्या हातांनी निघाली.

दीर वायरमन होता. आळीत भरदुपारी घराघरांत बल्ब लागतात, त्यामुळे त्याचं चांगलं चाललं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो हाफ पँटमधला दहा वर्षांचा पोर होता. तेव्हापासून ती त्याला भावजी म्हणत आली आणि त्याचे कपडे धूत आली. आज त्याने तिला सांगायचं सोडून गवंड्याकरवी सांगावं, याचाच तिला जास्त राग आला होता.

तो ओशाळला नाही असं नाही. आज येणारच होतो सांगायला, म्हणाला. पोराचं लग्न ठरलंय, दोन खोल्यांत किती जणांनी कोंबून घ्यायचं, म्हणाला. नकाशा मंजूर आहे, तुमच्या एक इंच जागेला मी हात लावत नाही, म्हणाला.

"जागेला नाही लावत. उन्हाला लावताय."

"वहिनी, ऊन काय तुमच्या नावावर आहे का?"

बोलून गेल्यावर त्यालाच ते कसंसं वाटलं असावं. तो उगीचच टेबलावरची वायर सोलायला लागला. लाँड्रीवाली माघारी वळली. पण तो शब्द तिच्या अंगाला चिकटला तो चिकटलाच.

कारण नावावर नव्हतं हे खरंच होतं. वाटणी झाली तेव्हा सासूबाईंनी दोन्ही मुलांना समोर बसवून विचारलं होतं, काय हवं ते बोला. धाकट्याने रस्त्याकडची बाजू मागितली, दुकान काढायला. थोरला, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, मला ऊन द्या. तेवढंच म्हणाला. कागदावर मात्र अंगणाची लांबी-रुंदी आली, ऊन आलं नाही. ते लिहायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता थोरला राहिला नव्हता, आणि कागद होता.

मग आळीने तिला शहाणपण शिकवायला घेतलं. फुकटचा सल्ला द्यायला कुणाचं काय जातं? औषधवाला म्हणाला, नगरपालिकेत जाऊन बघा. ती गेली. तिथल्या कारकुनाने फाइल काढून दाखवली. त्यांचा माणूस पाहणीला आला होता तो भर उन्हाळ्यात, सूर्य डोक्यावर आणि सावल्या पायाखाली असताना. त्याने घाम पुसत लिहून ठेवलं होतं, 'शेजारच्या उजेडास बाधा नाही.' सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. उन्हाळ्यात या आळीत सावली मोजायची, म्हणजे जेवून उठलेल्याला भूक आहे का विचारायचं! कारकून म्हणाला, आता काही होणं कठीण आहे.

मुलीने फोनवर सांगितलं, आई, वाळवायचं मशीन घे आणि सुखी हो. लाँड्रीवाली म्हणाली, सुखाचं माझं मी बघते, तुझ्या घरात ऊन येतं का ते आधी सांग.

दिरानेही आपल्या परीने तोड काढली. संध्याकाळी येऊन म्हणाला, मजले झाले की वरची गच्ची तुमचीच समजा, तिथे पुरे दोन तास ऊन येईल. तो मनापासून बोलत होता, हे तिला कळत होतं. पण चाळीस ओल्या चादरी घेऊन तीन जिने चढायचे आणि अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी काय करायचं? आणि चढलीच, तरी आज तुमचीच समजा म्हणणारे उद्या असतील की नाही कोण जाणे. उद्या सूनबाई म्हणेल, आज आमच्याकडे पाहुणे आहेत, चादरी उद्या टाका. दुसऱ्याच्या जिन्यावरून आणलेलं ऊन तिला नको होतं.

"भावजी, माझं एक काम करा," ती म्हणाली. "विटांचा मजला सोमवारी बांधा. रविवारी मला तो कापडाचा बांधून दाखवा."

तो हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला.

तिने सरळच सांगितलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. गच्चीच्या या कडेला वीस फुटी बांबू रोवायचे, त्यांवर चादरी चढवायच्या आणि सावली कुठपर्यंत येते ते चारचौघांसमोर बघायचं. दिराला नगरपालिकेच्या त्या कागदाचा भरवसा होता. फार तर एक-दोन दोऱ्या झाकतील, असा त्याचा हिशेब. शिवाय तोही त्याच घरातला, हट्टाला कमी नव्हता.

"बांधतो. आणि सावली तिसऱ्या दोरीपुढे आली नाही, तर मग पुन्हा हा विषय नाही."

"नाही काढणार," लाँड्रीवाली म्हणाली.

इस्पितळाने बाद केलेल्या चादरी तिच्याकडे पडून होत्या. तीन दिवस मशीनवर बसून तिने त्या दुहेरी जोडल्या. टाके घालताना ती स्वतःशीच पुटपुटत होती. नावावर आहे का म्हणे. श्वास कुणाच्या नावावर असतो? पायडल इतकं जोरात चालत होतं की आतून सासूबाईंनी विचारलं, मशीनवर एवढा राग कशाचा काढते आहेस? मशीन जुनं झालंय, एवढंच ती म्हणाली. या प्रकरणातलं सासूबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, ना तिने, ना त्याने.

सासूबाईंच्या डोळ्यांनी रजा घेऊन सहा वर्षं झाली होती. जीभ मात्र अजून रोज कामावर हजर असायची. वाटणीनंतर त्या थोरल्याकडे राहिल्या, कारण ऊन त्याच्याकडे होतं, आणि तो गेल्यावरही सुनेकडेच राहिल्या. अकराच्या ठोक्याला त्यांना सहाव्या दोरीच्या पलीकडे, भिंतीशी लोखंडी खुर्चीत बसवायचं, एकला उठवायचं. वायरमन रोज त्या वेळी डोकावून जायचा आणि लहानपणापासूनच्या सवयीने नेमका आईच्या पुढ्यात येऊन उभा राहायचा. त्याने तोंड उघडायच्या आत त्या म्हणायच्या, "धाकट्या, ऊन सोड." आवाजावरून नव्हे, सावलीवरून ओळखायच्या त्याला.

रविवारी वायरमनने बांबू स्वतः रोवले. काम चोख, तारेने आवळून बांधलेलं. वर कप्प्या लावल्या, दोऱ्या ओवल्या. साडेअकराला अंगण उन्हाने भरलं होतं. सहाही दोऱ्यांवर चादरी वाफाळत होत्या. लाँड्रीवालीने खुर्ची रोजच्याच जागी ठेवली होती आणि सासूबाईंना रोजच्यासारखंच बसवलं होतं. फाटकाशी बघ्यांची गर्दी. न्हावी अर्धवट कापलेल्या गिऱ्हाइकासकट आला होता.

वायरमन खाली येऊन फाटकापाशी उभा राहिला, गर्दीच्या कडेला. त्याने हात वर केला. गच्चीवर गवंडी आणि त्याचा जोडीदार दोऱ्या ओढायला लागले, आणि पांढरं कापड बांबूंवर चढायला लागलं.

सावली पहिल्या दोरीवर आली. दुसरीवर आली. तिसऱ्या दोरीपाशी गवंड्याने वरून विचारलं, बास का? लाँड्रीवाली वायरमनकडे बघत राहिली. तो म्हणाला, "वीस फूट म्हणालो होतो ना? ओढ." कापड आणखी चढलं. चौथ्या दोरीवरच्या वाफा थांबल्या. मग पाचव्या. चादरी तिथेच होत्या, पण आता त्या नुसत्या ओल्या दिसत होत्या. सहावी दोरी झाकली गेली, सावली तिच्यापलीकडे सरकली, सासूबाईंच्या पावलांवर आली, मांडीवरच्या हातांवर आली, आणि कापड वीस फुटांवर टेकलं तेव्हा त्यांच्या कपाळावर येऊन थांबली.

सासूबाईंनी हनुवटी वर केली. हात एकमेकांत गुंफून घेतले.

"धाकट्या," त्या म्हणाल्या. "ऊन सोड रे."

वायरमन त्यांच्यापासून पंधरा पावलांवर उभा होता. गर्दीतला एकही जण त्याच्याकडे बघेना. लाँड्रीवालीच्या हातात उशीची खोळ होती, ती पिळून कोरडी झाली होती तरी ती पिळतच होती. सांगावं, आई, तो मध्ये उभा नाही, असं तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. आज ती कुणाच्या मदतीला धावणार नव्हती.

वायरमन दोन पावलं बाजूला झाला. सावली जागची हलली नाही.

"सोडलंस का?" सासूबाईंनी विचारलं आणि तोंड तसंच वर धरून थांबल्या.

त्याने गच्चीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, आणि आणखी दोन पावलं सरकला.