या नावाचं इथे कोणी नाही

सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. तिकडे मायदेशी आई शेवटच्या घटका मोजत होती आणि इकडे ती परक्या शहरातल्या धुलाईखान्यात, हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या यंत्रात सरकवत होती. कामावर मोबाइल चालत नसे, तो कपाटात कुलूपबंद. म्हणून भावाला तिने ऑफिसचा नंबर दिला होता आणि कारकुनालाही सांगून ठेवलं होतं.

"काळजी नको, चिमणे," तो म्हणाला होता, "फोन आला की मी स्वतः बोलवायला येतो."

इथे ती सगळ्यांची चिमणी. खरं नाव मुकादमाच्या तोंडात मावेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने हे बारसं उरकलं होतं. आता पन्नाशी उलटली, कंबर धरली, गुडघे कुरकुरू लागले, तरी बाई चिमणीच.

जेवणाच्या सुट्टीत टीव्हीवर तिच्याच देशाची बातमी. आम्ही स्वतःला ज्या नावाने ओळखतो त्याच नावाने जगानेही आम्हाला हाक मारावी, अशी सरकारने विनंती केली होती.

"म्हणजे आता आम्ही जिभेला व्यायाम लावायचा?" मुकादम म्हणाला. सगळे हसले. तीही हसली. दवाखान्यात औषधाचा पत्ता नाही आणि यांना नावाचे डोहाळे, असं तिला मनापासून वाटलं.

बोलवायला कुणी आलंच नाही. काम सुटल्यावर तिने कपाट उघडून भावाला फोन लावला.

"दोनदा केला गं ताई," तो रडत होता. "तो माणूस म्हणतो, या नावाचं इथे कोणी नाही. दुसऱ्यांदा तर खेकसलाच. आई सारखी म्हणत होती, तिला दे, तिला दे. दुपारी गेली."

फोन ठेवून ती ऑफिसात गेली आणि कारकुनासमोर बसली.

"तो फोन तुझा होता?" त्याने कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. "अगं, मी दिवसभर तुझ्याच फोनची वाट बघत होतो! चिमणी म्हणाला असता तर धावत आलो असतो."

भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. रडायचंही नव्हतं. तिने आपलं नाव सांगितलं. त्याने ओशाळून ते म्हणून पाहिलं आणि अर्ध्यावरच अडखळला.

"नाही. पुन्हा म्हणा."

"उद्या शिकतो ना. घरी जा, जरा पड."

ती खुर्चीतून हलली नाही.

"आईने ठेवलंय ते," ती म्हणाली. "म्हणा."