एकाच रेघेची वाट

मी एक कागदी पट्टी बोलतेय. बोटाएवढी, रंगाने पांढरी, ना नाक ना डोळे. कारखान्यात जन्मले आणि लगेच चंदेरी पाकिटात बंद झाले. मग या छोट्या प्रसूतिगृहाच्या कपाटात, हातमोज्यांच्या शेजारी, पडून राहिले.

माझं काम एकच. बाळाच्या पिशवीतल्या पाण्यात एक प्रथिन असतं. दिवस भरायच्या आत बाळ निघायच्या बेतात असलं, की ते खाली झिरपू लागतं. ते मला सापडलं, तर अंगावर दोन रेघा उमटतात. नाही सापडलं, तर एकच.

काल दुपारी सातव्या महिन्यातली एक बाई पोट धरून आली. मागोमाग तिची सासू, धापा टाकत.

"सिस्टर, मागच्या वेळीही असंच दुखत होतं," बाई हळूच म्हणाली. "बाळ झालं, पण घरी नाही आलं."

इतक्या लहान बाळासाठी लागणारी काचेची पेटी इथे नव्हती. दोन रेघा आल्या तर तिला लगेच मोठ्या इस्पितळात हलवायचं होतं. दाराशी रुग्णवाहिका घुरघुरत उभी होती.

सिस्टरने कापसाच्या काडीवर नमुना घेतला, बाटलीतल्या पाण्यात ढवळला आणि मला त्यात उभं केलं. ओल वर चढू लागली. शोधण्यासाठीच माझा जन्म, पण काल मनात आलं, काही सापडू नये.

एक रेघ उमटली. दुसरी काही येईना. सासूबाई मटकन बाकावर बसल्या.

"एकच? अगं, घरी तपासलंस तेव्हा दोन आल्या होत्या ना?"

सुनेने पदरात तोंड लपवलं.

"अहो आजी, थांबा जरा." सिस्टरने घड्याळ पाहिलं, मला उजेडात धरलं. "ती दिवस राहिलेत का बघायची पट्टी, ही वेगळी. तिथे दोन हव्या असतात, इथे एकच हवी. बाळ आठवडाभर तरी बहुतेक बाहेर यायचं नाव काढणार नाही."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे डॉक्टर लक्ष ठेवतील. आज इथेच राहू दे तिला."

"मग हे आधी नाही का सांगायचं? माझाच जीव गेला असता इथे."

"चुकलंच माझं," सिस्टर म्हणाली.

बाहेर रुग्णवाहिकेची घुरघुर थांबली. सुनेने डोळे पुसले आणि खाली बघत एकदम हसली.

"आई, पायांकडे बघा."

सासूबाईंच्या एका पायात त्यांची चप्पल होती, दुसऱ्यात मुलाची.

आता मी पिवळ्या डब्यात आहे. थोड्या वेळाने जाळायला नेतील; त्याचं काही वाटत नाही. माझ्या बहिणी अजून कपाटात आहेत. त्यांतली कुणी तुमच्या वाट्याला आली, तर एवढंच करा: किती रेघांची वाट बघायची, ते आधी विचारून घ्या.

पडद्यापलीकडून सासूबाईंचा आवाज येतोय.

"बाळाला मात्र हे चपलांचं सांगू नकोस हं."