त्रेसष्ट डोकी

"चेहरा तरी दिसतोय का त्यात?" धाकटी जाऊ तिसऱ्यांदा म्हणाली, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चेहरा! अगं, आपण काय चेहऱ्यावर विग बसवतो का?"

टेबलावर धाकटीचा फोन पडला होता. त्यात केसांच्या तेलाची जाहिरात. वर ठळक अक्षरांत 'ही वेळ येण्याआधी जागे व्हा', आणि खाली एका बाईचं पाठमोरं, जागोजागी केस गेलेलं डोकं. ते डोकं त्यांच्याच एका गिऱ्हाइकाचं, शाळेच्या बाईंचं होतं. फोटो याच दुकानातल्या खुर्चीवर, याच फोननं काढलेला. मापाची टेपसुद्धा दिसत होती आणि कडेला थोरलीचा अंगठा.

दुकान दोघी जावांचं. थोरली विग विणायची. बारीक जाळीवर आकड्याच्या सुईनं एकेक केस गाठवायचा, एका विगाला चांगले अडीच आठवडे. धाकटी माणसं सांभाळायची, म्हणजे फोन, वेळा आणि रडारड. माप घेताना डोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढावेच लागतात, नाहीतर केसांची रेघ कुठून सुरू करायची हे महिन्याभरानं कुणाच्या बापाला आठवणार? पूर्वी ते फोटो कागदावर असत, आणि विग घरी गेला की थोरली ते स्वतःच्या हातानं जाळून टाकी. मग धाकटी आली आणि म्हणाली, "जाऊबाई, कुठल्या जगात राहता? आपल्या दुकानाच्या पेजवर कुलूपबंद अल्बम करता येतो. आपल्याशिवाय चिटपाखराला दिसत नाही." झालं! तेव्हापासून त्रेसष्ट बायकांची डोकी त्या अल्बमात जाऊन बसली होती.

"मानेवर बघ," थोरलीनं काचेवर नख आपटलं. "तीन तीळ, एका ओळीत. आता सांग, शाळेतली बाई वर्गाला दिवसभर काय दाखवते? पाठ! फळ्यावर लिहिताना चाळीस पोरी तिच्या मानेकडे बघत बसलेल्या असतात. तोंडावरून एखादी चुकेल, मानेवरून चुकायची नाही."

"तेलवाले आपल्या अल्बमात घुसतील असं मला काय स्वप्न पडलं होतं?"

"स्वप्न कशाला पडायला हवं? अक्कल असली तरी भागतं."

"मग ती तुम्ही वापरायची होती! मोठ्या ना तुम्ही?"

सकाळपासून हेच चाललं होतं. नऊला बाईंचा फोन आला होता. "जाहिरात बघितलीत ना? नसेल तर बघा. मी चार वाजता येतेय," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला. रागानं बोलल्या असत्या तरी परवडलं असतं. चारच्या आत तो फोटो जगातून नाहीसा करायचा, नाहीतर बाईंना तोंड दाखवायला जागा नव्हती.

धाकटीनं सव्वानऊलाच अल्बम पुसून टाकला होता. जाहिरात आपली चालूच. पेजवाल्या कंपनीला तक्रार लिहिली, तर क्षणात उत्तर आलं, 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.' पुन्हा लिहिली. पुन्हा तेच.

"कोण आहे हा मेला? माणूस आहे की पोपट?"

"माणूस नाहीये, जाऊबाई. आपोआप येतं ते."

"तरीच लाज नाही."

दुपारी दोनला कुठे लांबलचक उत्तर आलं. धाकटी वाचायला लागली. "'आपण टाकलेल्या छायाचित्रांची मालकी आपलीच राहते. मात्र ती वापरण्याची, बदलण्याची आणि आमच्या भागीदारांना देण्याची परवानगी आपण आम्हाला दिलेली आहे. अल्बम पुसला तरी भागीदारांकडे आधीच गेलेल्या प्रतींना...'"

"थांब, थांब. मालकी माझी?"

"हो."

"आणि वापरायचं त्यांनी? म्हणजे घर माझं, नि राहायचं गावानं! कुणी दिली ही परवानगी?"

"आपण."

"आपण म्हणजे तू!"

 धाकटीनं फोन फक्त थोरलीपुढे सरकवला. उत्तराच्या तळाशी तारीख होती, वेळ होती, आणि 'मान्य केले' यापुढे थोरलीचा स्वतःचा मोबाईल नंबर.

थोरलीला ती दुपार आठवली. आठवायची तिची मुळीच इच्छा नव्हती, पण आठवली. एका विगाच्या कपाळावरची रांग विणणं चालू होतं. त्या घरात सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. थोरलीच्या हातात सुई असताना तिला काहीही विचारा, ती हो म्हणते. कारण मान वर केली की गाठींचा हिशेब चुकतो आणि सगळी रांग उसवावी लागते. तिच्या लेकीनं मैत्रिणींबरोबरची सहल अशीच मिळवली होती आणि दिरानं आपल्या खोलीत टीव्ही. त्या दुपारी धाकटी आली होती. "जाऊबाई, पेजचे नवे नियम आलेत. मान्य करू? तुमच्या मोबाईलवर नंबर आलाय, तोच टाकते."

"टाक."

"वाचून दाखवू का?"

"अगं, टाक म्हटलं ना! रांग जाईल माझी."

"तुला ठाऊक होतं मी मान वर करणार नाही ते," थोरली आता दातओठ खात म्हणाली. "म्हणून नेमकी तेव्हा आलीस."

"हो, म्हणूनच आले! एरवी तुम्ही दहा प्रश्न विचारता आणि दहाच्या दहा बिनडोक. आणि वाचून दाखवू का, असं विचारलं होतं मी. की तेवढं सोयीनं विसरलात?"

विसरली नव्हती. तीच तर पंचाईत होती.

चारला पाच कमी असताना बाई आल्या. डोक्यावर थोरलीनं विणलेला विग, चापूनचोपून बसलेला. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"कुणी दिला माझा फोटो?"

धाकटीनं हाताची घडी घातली. "सांगा की जाऊबाई."

धाकटीवर ढकलून द्यायला थोरलीची जीभ नुसती वळवळत होती. "टाकला हिनं," ती म्हणाली, कारण तेवढं सांगितल्याशिवाय तिला राहवेना. मग मान खाली घालून म्हणाली, "पण हो मी म्हटलं. न वाचता."

"काल मी वर्गात गेले," बाई म्हणाल्या, "तर फळ्यावर कुणीतरी तीन ठिपके काढले होते. नुसते तीन ठिपके. सगळ्या पोरी चिडीचूप. मला काही कळलं नाही, मी ते पुसले आणि तासभर शिकवलं. पाठ करून. संध्याकाळी भावजयीनं जाहिरात पाठवली, तेव्हा कळलं."

"आम्ही काढून टाकलाय फोटो," धाकटी पुटपुटली.

"तुमच्याकडून. त्यांच्याकडून?"

धाकटीनं टेबलावरचा फोन पालथा घातला.

"डोकं माझं. आणि मी सोडून सगळ्यांना विचारलंत." बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझा एकटीचाच होता?"

'एकटीचाच' असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण धाकटीनं आधीच तोंड उघडलं, आणि ते प्रामाणिकपणानं नव्हे, निव्वळ खुन्नस म्हणून. "त्रेसष्ट होते."

आता मात्र बाई बसल्या. पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "फोन लावा. बासष्ट जणींना. मला जसं कळलं तसं त्यांना कळायच्या आत तुमच्या तोंडून कळू दे."

"अहो बाई, आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

"दुकान बंद पडेल हो! एक बाई पुन्हा पायरी चढायची नाही."

"पडू दे बंद. मीही आजपासून वर्ग सोडलाय."

धाकटीनं वही आणून दाणकन आपटली, पहिल्या नावावर बोट ठेवलं, नंबर फिरवला आणि फोन थोरलीच्या हातात कोंबला. वर स्पीकरही चालू करून दिला.

"अगंबाई, तुम्ही होय!" पलीकडून हसरा आवाज आला. "किती दिवसांनी! बोला ना, कशा आहात?"

थोरलीनं फोन दोन्ही हातांनी धरला. "ताई, तुमचा एक फोटो आहे ना..."

"माझा फोटो? छे हो, माझा कसला फोटो!" पलीकडची ताई म्हणाली. "आजारपणापासून दोन वर्षं मी कुणाला काढू दिलेला नाही. घरात लग्न झालं, त्यातसुद्धा मी कुठे नाही. तुम्हाला काय तो दिला तेवढाच."